गेव्हसाठी एपीसी एकदाच करून भागतं का?

तुम्ही विचारलंय की सासऱ्यांना लिव्हरचा सिरॉसिस आहे, हिमोग्लोबिन 6 वर आलंय, दुर्बिणीत गेव्ह (जठराच्या अस्तरातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या) निघालं आणि एपीसी (दुर्बिणीतूनच आर्गॉन वायू आणि विजेने त्या भाजणं) सांगितली आहे. तर हे ऑपरेशन असतं का आणि एकदाच करून भागतं का? ऑपरेशन नाही. एकदाच करून मात्र बहुतेकांचं भागत नाही, आणि हे घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. मी एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे, डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचे डोस मला विचारू नका.

गेव्हमध्ये जठराच्या शेवटच्या भागातल्या, अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. स्क्रीनवर कधी कलिंगडावरच्यासारखे लाल पट्टे दिसतात. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये बरेचदा नुसते विखुरलेले लाल ठिपके. रक्त भळभळा वाहत नाही, पाझरत राहतं. म्हणून उलटीत रक्त दिसत नाही, माणूस नुसता दमतो आणि पांढराफटक पडतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुटतात तो प्रकार वेगळा. त्यासाठी दिलेली शिरांचा दाब उतरवणारी गोळी गेव्हचं रक्त थांबवत नाही, पण म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

एपीसीला उपाशीपोटी यायचं. घशात बधिरतेचा स्प्रे, गुंगीचं इंजेक्शन, डाव्या कुशीवर झोपवतात, मांडीला एक पॅड चिकटवतात. स्कोपमधून बारीक नळी आत जाते, तिच्यातून आर्गॉन वायू सुटतो आणि त्या वायूतून वीज अस्तरापर्यंत पोचते. नळी अस्तराला टेकवत नाहीत. भाजतं ते वरवरचं, काही मिलिमीटर. वायूने पोट फुगतं, तो आम्ही मधूनमधून ओढून घेतो. तरी त्या दिवशी पोट गच्च वाटेल. भाजलेल्या जागी छोटे अल्सर होतात, म्हणून नंतर अ‍ॅसिडची गोळी देतात, ती चुकवू नका.

मग काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तोवर फोटोत अस्तर किती स्वच्छ झालं याचा फार विचार करू नका. हिमोग्लोबिन टिकतंय का, रक्ताच्या पिशव्या लांबणीवर पडल्या का, ते वहीत लिहून ठेवा. दोन-तीन खेपांनंतरही पिशव्या लागतच असतील तर रबरबँडचा विषय तुम्हीच डॉक्टरांकडे काढा. अन्ननलिकेत लावतात तेच बँड इथेही लावता येतात आणि काही पेशंटना त्याने कमी खेपा लागतात.

लोह चालूच ठेवायचं, गोळीने भागत नसेल तर शिरेतून देतात. गोळीने शी काळपट होते, त्याने घाबरू नका. काळीभोर, चिकट आणि उग्र वासाची झाली तर लगेच फोन करा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या बंद. रक्ताची उलटी झाली, चक्कर येऊन पडले किंवा असंबद्ध बोलू लागले तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टीत न्या.