वॉल्व्ह प्रोलॅप्स आहे, मग हार्टचा एमआरआय करायचा का?

प्रश्न: माझी मुलगी 26 वर्षांची आहे, पुण्यात आयटीत जॉब करते. कॉलेजपासून तिला अधूनमधून धडधड होते, मधेच ठोका चुकल्यासारखं वाटतं. टू-डी इकोमध्ये मायट्रल वॉल्व्ह प्रोलॅप्स आला, दोन्ही पाकळ्या, गळती माइल्ड. इथले डॉक्टर म्हणाले काही नाही, कॉमन आहे, चहा-कॉफी कमी कर. पुण्याच्या कार्डिओलॉजिस्टनी मात्र होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं मशीन) लावलं आणि आता हार्टचा एमआरआय करा म्हणतायत. गळती माइल्ड असताना एवढी महागडी तपासणी कशाला? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, इथले डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. शंभरातल्या दोन-तीन लोकांना हा प्रोलॅप्स, म्हणजे वॉल्व्हच्या पाकळ्या सैल होऊन मागे फुगणं, असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण तुमचा हिशोब गळतीवर चाललाय, आणि पुण्याचे डॉक्टर गळती बघतच नाहीयेत, ते ठोक्यांची लय बघतायत. गळती माइल्ड आहे म्हणून लयही ठीकच असणार असं धरून चालता येत नाही.

वॉल्व्हच्या पाकळ्या बारीक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. हार्ट आकुंचन पावलं की या सैल पाकळ्या वारा भरलेल्या शिडासारख्या मागे वरच्या कप्प्यात फुगतात आणि दोऱ्या त्या स्नायूंना हिसका देतात, दिवसाला साधारण लाखभर वेळा. काही जणांत वर्षानुवर्षं हे हिसके बसून स्नायूत आणि वॉल्व्हच्या मागच्या-खालच्या भिंतीत डाग तयार होतो, म्हणजे मांस जाऊन तिथे जाड तंतू येतात, आणि अशा डागाच्या कडेला करंट भलतीकडून फिरायला लागतो. इटलीतल्या पाडुआच्या टीमने 2015 मध्ये अचानक हृदय बंद पडून गेलेल्या 650 तरुणांची हृदयं तपासून जे छापलं त्यात 43 जणांना प्रोलॅप्स होता, त्यात बायका जास्त, आणि त्या सगळ्यांच्या पॅपिलरी स्नायूत, म्हणजे दोऱ्या बांधलेल्या त्याच स्नायूत, डाग सापडला. घाबरू नका, हे आधीच गेलेल्या लोकांचे आकडे आहेत, प्रोलॅप्स असलेल्या सगळ्यांचे नाहीत! पण नेमकं कुठे बघायचं हे त्यातून कळलं.

इकोवर हा डाग नीट दिसत नाही. इको चांगलं सांगतो ते पाकळ्या किती जाड, दोन्ही फुगतात का, पंपिंग किती, आणि कडेच्या रिंगचा वेग. टिश्यू डॉपलरवर (इकोमध्येच स्नायूचा वेग मोजण्याची पद्धत) सेकंदाला 16 सेंटीमीटर किंवा त्याहून वेगाची टोकदार लाट आली तर ओढ जोरात आहे असं समजतात, जुन्या जर्मन शिपायांच्या टोपीवरच्या टोकावरून तिला पिकलहाउब साइन म्हणतात. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन दहा-पंधरा मिनिटांनी फोटो काढतात, निरोगी स्नायू काळा आणि डाग पांढरा दिसतो. मशीनमध्ये पाऊण तास-तासभर पडून, सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, बाकी त्रास नाही. आधी किडनीसाठीची क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करून घ्या, आणि अंगात पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल तर सांगायचं असतं, तिला तसं काही नसणार.

तिला धडधड आहे, दोन्ही पाकळ्या आहेत, म्हणून मी तरी एमआरआय करा म्हणेन. पण त्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा, होल्टरवर जादा ठोके एकूण ठोक्यांच्या 5 टक्क्यांच्या वर आहेत का आणि ते सलग जोडून येतात का, ईसीजीत खालच्या लीड्समध्ये (हार्टच्या खालच्या बाजूच्या नोंदी) टी वेव्ह ही लाट उलटी आहे का, आणि ती कधी चक्कर येऊन शुद्ध हरपून पडली होती का किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. शेवटचं तर तुम्हालाच माहीत असेल, लपवू नका.

प्रश्न: माझं वय 38, काही त्रास नाही. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये प्रोलॅप्स आणि 'एमएडी 4 एमएम' आलं. गुगल केलं आणि झोप उडाली. – एक वाचक, नाशिक

उत्तर: गुगल बंद करा आधी. एमएडी म्हणजे पाकळीची मुळं आणि खालच्या कप्प्याची भिंत यांच्यात आकुंचनाच्या वेळी दिसणारी फट. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासातल्या हजारो सर्वसाधारण लोकांचे एमआरआय बघितले तेव्हा कुठे ना कुठे थोडी फट बहुतेकांना होती, म्हणजे नुसती फट दिसली म्हणून धोका असं नाही. फट मोठी, सोबत प्रोलॅप्स, वर होल्टर खराब, असं एकत्र आलं की डॉक्टर कान टवकारतात. तुम्ही एक ईसीजी आणि एक होल्टर करा, दोन्ही स्वच्छ असतील तर एमआरआयच्या मागे लागू नका. आणि हो, प्रोलॅप्स लाँग अ‍ॅक्सिस व्ह्यूमध्ये (इकोत हार्ट लांबीतून दिसतं तो फोटो) 2 मिलिमीटर किंवा जास्त आहे ना एवढं विचारून घ्या. वॉल्व्हची रिंग खोगिराच्या आकाराची असते हे ऐंशीच्या दशकात कळायच्या आधी चारही कप्पे दाखवणाऱ्या फोर चेंबर व्ह्यूवरून किती धडधाकट लोकांच्या माथी प्रोलॅप्स मारलाय त्याला गणती नाही, आणि घाईच्या चेकअपमध्ये तसं अजूनही होतं.

प्रश्न: एमआरआयमध्ये डाग निघाला तर लगेच शॉक देणारं मशीन बसवतात का? – वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. आयसीडी, म्हणजे हेच शॉकचं मशीन, मुख्यतः त्यांना, ज्यांचं हृदय एकदा बंद पडून परत आलंय किंवा ज्यांना जीवघेणी वेगवान लय सापडलीय. डाग आहे पण बाकी शांत, तर बीटा ब्लॉकर (ठोके शांत ठेवणारी गोळी), ठरावीक काळाने होल्टर, आणि शुद्ध हरपल्याचं कारण सापडत नसेल तर कातडीखाली लय नोंदवणारा छोटा लूप रेकॉर्डर. जादा ठोके एकाच जागेतून येत असतील तर अब्लेशनही, म्हणजे नळी घालून ती जागा निकामी करणं, करतात. युरोपच्या तज्ज्ञांनी 2022 मध्ये यावर एकमताने मार्गदर्शन काढलंय, त्यातही एका फोटोवरून निर्णय नाही, लक्षणं आणि होल्टर धरूनच सगळं.