नाळेतलं रक्त, सिकलसेल आणि हप्त्यांची नोटीस

प्रश्न : २०२१ मध्ये मुलगी झाली तेव्हा नाळेतलं रक्त साठवायचा करार केला. ‘पुढे काही झालं तर तिच्याच पेशी कामी येतील,’ असं एजंटनं सांगितलं होतं. यंदा तिला सिकलसेल निघाला. आता कंपनी फोनवर म्हणते, ते रक्त तिला चालणार नाही. वर उरलेल्या हप्त्यांसाठी वकिलाची नोटीस पाठवली. मला पुन्हा दिवस गेले आहेत. काय करू? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, घाबरून पैसे भरू नका आणि नोटीस कपाटातही टाकू नका, लेखी उत्तर द्या. हप्ता फायनान्स कंपनीच्या कर्जातून जात असेल तर मात्र एकदम थांबवू नका, सिबिल बिघडेल.

कंपनी आज म्हणते ते खरं आहे, आणि तिथेच ती अडकते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचा दोष जनुकातच असतो, म्हणजे साठवलेल्या पेशींतही तोच. हे २०२१ मध्येही माहीत होतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, मुलाच्या स्वतःच्या भावी वापरासाठी हे रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. तेव्हा ‘मुलगी बरी झाली नाही’ अशी तक्रार नको. दिशाभूल करून सही घेतली, असं लिहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

माहितीपत्रक, एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, पावत्या काढून ठेवा. ‘रक्त चालणार नाही’ हे कंपनीकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं बोलणं उद्या नाकारतील.

वाद परराज्यातल्या लवादाकडेच जाईल, असं कलम करारात बहुधा असेल. असू द्या. तुम्ही इथे राहता, तेव्हा नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, आणि कंपनीला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. करारच अनुचित आहे म्हणायचं तर राज्य आयोग गाठावा लागतो; मी त्या भानगडीत पडणार नाही. मुदत दोन वर्षांची. कंपनी ती २०२१ पासून मोजेल, आपण यंदाच्या रिपोर्टपासून. म्हणून उशीर नको.

आता पोटातल्या बाळाचं. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या बाळाला स्वतःला सिकलसेल नसावा लागतो. तसं झालं तर त्याच्या नाळेचं रक्त थोरलीच्या खरंच उपयोगाचं. आजारी भावंडासाठी साठवणं आयसीएमआरलाही मान्य आहे. रक्तविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा, गर्भाची तपासणी वेळेत व्हावी लागते.

कंपनी ‘दुसऱ्या बाळाला सूट देतो, जुनं मिटवा’ म्हणेल. त्या कागदावर सही करण्याआधी मला दाखवा.