कॅम्पस चकाचक आहे, पण पोस्टिंग कुठे?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला स्कोअर कमी आला म्हणून रेडिओलॉजीच्या बीएस्सीचं बघतोय. नवी मुंबईतली एक खाजगी युनिव्हर्सिटी बघून आलो. कॅम्पस चकाचक, नॅकचा ए ग्रेड, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. फीसाठी लोन काढावं लागेल. कोर्स चांगला आहे की नाही हे आम्ही कसं ओळखायचं? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर: ताई, लोन काढायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. नॅक म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिट्यांचा दर्जा तपासणारी संस्था, तिचा ग्रेड अख्ख्या युनिव्हर्सिटीला मिळतो, त्यावरून रेडिओलॉजी डिपार्टमेंट कसं आहे ते कळत नाही.

खरं बघायचं ते हॉस्पिटल. पेशंटला टेबलवर कसं झोपवायचं, दुखरा खांदा फार न हलवता एक्स-रेच्या प्लेटची कॅसेट कुठे सरकवायची, किरणांचं एक्सपोजर किती द्यायचं, हे बाहेर रांग लागलेल्या एक्स-रे रूममध्ये उभं राहूनच येतं. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं हॉस्पिटल आहे की टाय-अप ते विचारा, आणि टाय-अप असेल तर नुसतं नाव ऐकून येऊ नका, सकाळी ओपीडीच्या वेळेला तिथे चक्कर मारा. कळव्याच्या पालिका हॉस्पिटलसारख्या गर्दीच्या ठिकाणी पोस्टिंग, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष कामाची पाळी, असेल तर हात लवकर बसतो. थर्ड इयरच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, सीटी-एमआरआयला किती महिने मिळाले, पोझिशनिंग स्वतः करता की मागे उभं राहून बघता. आणि टीएलडी बॅज मिळालाय का तेही विचारा. छातीवर, लेड म्हणजे शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा छोटा बॅज असतो तो, अंगाला रेडिएशन किती लागलं ते त्याच्यावरून मोजतात, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. मुलांना रेडिएशनमध्ये उभं करून बॅजचा खर्च वाचवणाऱ्या ठिकाणी मी तरी माझ्या घरातलं मूल पाठवणार नाही, ग्रेड कुठलाही असो.

मग मान्यता. अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे एक्स-रे टेक्निशियनसारख्या आरोग्यसेवेतल्या कामांचा, केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आलाय, त्यात टेक्निशियन-टेक्नॉलॉजिस्टसाठी किमान २००० तास आणि पदवीवाल्या हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण सांगितलंय. तुमचा कोर्स कशात बसतो, त्यातले हॉस्पिटलचे तास किती, ते लेखी मागा, काउन्सेलर फोनवर सांगतो ते धरू नका. कोणी ऑनलाइन किंवा डिस्टन्सने करून देतो म्हणालं तर सरळ उठून या, असे कोर्स तसे चालवायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्येच बंदी केलीय.

प्लेसमेंटचं म्हणाल तर मागच्या बॅचमधली दोन-चार मुलं कुठे आणि कुठल्या पोस्टवर लागली एवढंच विचारा, रिसेप्शनला बसवलेली मुलंही त्या १०० टक्क्यांत असू शकतात.

आणि ॲडमिशन घेतलीच तर ओरिजिनल मार्कशीट तिथे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि परत घेऊन या, ओरिजिनल ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे.