कर्जवसुलीची नोटीस आलेली असताना नवे गृहकर्ज घ्यावे का?

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या खाजगी शाळेत शिक्षिका असून त्यांचा निव्वळ पगार 58,000 रुपये आहे. पती-पत्नींनी 2018 मध्ये निपानिया भागात 48 लाखांचा फ्लॅट घेतला. त्यासाठीच्या 38 लाखांच्या कर्जात त्या सहकर्जदार आहेत. सांवेर रोडवरील पतीचा छोटा कारखाना बंद पडला आणि 33,000 रुपयांचे पाच हप्ते थकले. 22 दिवसांपूर्वी सरफेसी कायद्याखालील (थकीत कर्जासाठी गहाण घर न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार संस्थेला देणारा कायदा) नोटीस आली असून तीत एकूण 32 लाख 90 हजारांची मागणी आहे. भगिनींजवळ 7 लाखांच्या मुदत ठेवी आहेत. त्या मोडून, 23 लाखांचे नवे कर्ज फक्त आपल्या नावावर काढून सुदामानगरात 30 लाखांचा लहान फ्लॅट घ्यावा, आणि जुने घर जाण्याआधीच तिकडे राहायला जावे, असा त्यांचा विचार आहे. एक एजंट 60,000 रुपये रोख घेऊन हे काम करून देण्यास तयार आहे. ‘सासूबाईंना या वयात भाड्याच्या घरात न्यावे लागू नये, एवढीच इच्छा आहे,’ असे त्या लिहितात.

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात ‘फोरक्लोजर’ हा शब्द वापरला आहे, तेव्हा प्रथम त्याविषयी लिहितो. आपल्याकडील बँकांच्या भाषेत फोरक्लोजर म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडून खाते बंद करणे. शाखेत जाऊन आपण हा शब्द उच्चारलात, तर समोरचा कर्मचारी आपण पैसे भरायला आला आहात असे समजेल. इंटरनेटवर आपण वाचलेली तीन आणि सात वर्षांची प्रतीक्षा अमेरिकेतली आहे: घर जप्त झाल्यानंतर तेथील एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीच्या कर्जासाठी साधारणपणे तीन वर्षे आणि फॅनी मे या संस्थेच्या नियमांनुसार सात वर्षे थांबावे लागते. भारतात असा एकच ठरलेला काळ नाही. येथे प्रत्येक संस्था आपला पतअहवाल आणि मिळकत पाहून स्वतः निर्णय घेते.

हा पतअहवाल आपण स्वतः एकदा डोळ्यांखालून घालावा. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा तो विनामूल्य देतात. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे लहान चौकोन असतात आणि हप्ता किती दिवस थकला तो आकडा त्यांत लिहिलेला असतो. आपल्या अहवालात बरीच वर्षे 000 अशी ओळ दिसेल, आणि शेवटच्या काही चौकोनांत तो आकडा तिसापासून चढत नव्वदीच्या पुढे गेलेला असेल. नव्वद दिवस ओलांडले की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचे, ठरते, आणि सहकर्जदार असल्यामुळे ही नोंद पतीच्या अहवालात जशी आहे तशीच आपल्याही अहवालात आहे. ‘कर्ज त्यांचे होते, मी फक्त सही केली’ हे घरात खरे असेल, पण कर्जाच्या करारात त्या सहीचा अर्थ संपूर्ण रकमेची जबाबदारी असा आहे.

क्षणभर असे धरू की हा अहवाल कोणी पाहिलाच नाही. तरीही 23 लाखांना पावणेनऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी सुमारे 20,300 रुपयांचा हप्ता बसतो, जुन्या हप्त्यासह तो 53,300 होतो, आणि 58,000 पगारावर एवढा बोजा कोणतीही बँक मान्य करणार नाही. अशा अर्जदाराला कर्ज देणाऱ्या काही वित्तसंस्था आहेत, परंतु त्यांचा दर चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो, आणि 15 टक्क्यांनी याच रकमेचा हप्ता 30,000 रुपयांच्या वर जातो. म्हणजे जो हप्ता झेपला नाही म्हणून घर जाण्याची वेळ आली, जवळपास तेवढाच हप्ता निम्म्या आकाराच्या घरासाठी पुन्हा गळ्यात येईल.

एजंटाबद्दल मला स्पष्ट लिहावे लागेल. जुने कर्ज ‘दिसणार नाही’ असे करून देण्याचे जे आश्वासन त्याने दिले आहे, त्याचा प्रत्यक्ष अर्थ अर्जात ते लपवणे एवढाच होतो. 1 जानेवारी 2025 पासून कर्ज देणाऱ्या संस्थांना ही माहिती पतमाहिती कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे ती लपत नाही. खोट्या माहितीवर कर्ज घेणे हा फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो, आणि अर्जाखालची सही एजंटाची नसून आपली असेल. त्याला एक रुपयाही देऊ नये.

आपल्या योजनेतील सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे आणि त्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. जुने घर लिलावात गेले आणि आलेल्या रकमेतून देणे फिटले नाही, तर उरलेल्या रकमेसाठी संस्था आपल्यावर वसुलीचा दावा करू शकते, आणि त्या वसुलीत सुदामानगरचा आपल्या नावावरचा नवा फ्लॅटही जप्तीच्या कक्षेत येऊ शकतो. ज्या छपरासाठी हा सगळा खटाटोप, तेही सुरक्षित राहणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की नव्या घरासाठी राखून ठेवलेले 7 लाख आधी जुन्या खात्यासाठी वापरावेत. थकलेले पाच हप्ते आणि दंडात्मक आकार मिळून ही थकबाकी सुमारे पावणेदोन लाख असावी. नेमका आकडा लेखी मागून घ्यावा. नोटिशीत संपूर्ण 32 लाख 90 हजारांची मागणी असली, तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुद्दल व व्याजाची सर्व थकबाकी भरली की खाते पुन्हा नियमित वर्गात घेता येते, आणि खाते नियमित झाल्यावर कारवाई पुढे न रेटणे हाच सर्वसाधारण व्यवहार आहे. ‘सर्व’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी पाचांपैकी तीन हप्ते भरलेले असतात, पैसे गेलेले असतात आणि खाते तरीही अनुत्पादकच असते. आपण तसे करू नये; आणि पैसे भरण्यापूर्वी, कारवाई थांबवली जाईल असे संस्थेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे.

यामुळे घर वाचेल का? माझ्या मते ते वाचवू नये. पतीचे उत्पन्न लवकर सावरण्याची खात्री असेल तर गोष्ट निराळी, पण आपल्या पत्रात तशी खात्री दिसत नाही, आणि 58,000 मधून 33,000 चा हप्ता दीर्घकाळ निघत नाही. थकबाकी भरण्याने आपल्याला वेळ मिळतो, आणि त्या वेळात घर आपण स्वतः, बाजारभावाने विकायचे. लिलावात भाव का पडतो हे पाहिले म्हणजे या वेळेची किंमत कळते: बोली लागताच खरेदीदाराला चतुर्थांश रक्कम लगेच भरावी लागते आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत, त्यामुळे गृहकर्ज काढून घर घेणारे सामान्य कुटुंब त्या लिलावाकडे फिरकतच नाही. येतात ते रोकड बाळगणारे, आणि ते स्वस्तातच घेतात.

जुन्या घराची किंमत दलाल 54 लाख सांगतात, मी 51 धरतो. सहा महिने हप्ते चालू ठेवण्यासाठी ठेवींतून सुमारे 2 लाख जातील, म्हणजे थकबाकी वगळून सव्वातीन लाख हाती राहतील. विक्रीतून सुमारे 32 लाखांचे कर्ज फिटून, दलाली वगैरे जाऊन साडेअठरा लाख उरावेत. हे दोन्ही मिळून पावणेबावीस लाख होतात. रजिस्ट्रीचा खर्च आणि थोडी गंगाजळी बाजूला काढली, तरी पुढे 30 लाखांच्या घरासाठी 12 लाखांचेच कर्ज लागेल. पंधरा वर्षांच्या मुदतीने त्याचा हप्ता 12,000 च्या आसपास बसतो आणि तो आपला एकटीचा पगार सहज पेलू शकतो.

विक्रीच्या बाबतीत दोन काळज्या घ्याव्यात. नोटीस मिळाल्यानंतर संस्थेच्या लेखी संमतीशिवाय गहाण घर विकता येत नाही, त्यामुळे संमती हाती येण्याआधी कोणाकडूनही बयाणा घेऊ नये. खरेदीदाराच्या बँकेने कर्जाची रक्कम थेट जुन्या संस्थेला देऊन फरक आपल्या खात्यात जमा करावा, असा करार करावा. दुसरे असे की खाते पूर्ण रक्कम भरून ‘बंद’ झाले पाहिजे, ‘तडजोड’ होऊन नव्हे. दीड-दोन लाखांची सूट देऊ करून कोणी तडजोड सुचवील आणि त्या क्षणी ती फायद्याची वाटेल, परंतु ती नोंद अहवालात राहते, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या चौकटीनुसार अशा कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी किमान 12 महिने जाऊ द्यावे लागतात. प्रत्यक्षात बँका त्याहून अधिक काळ हात आखडता घेतात. घर विकून पूर्ण रक्कम फिटत असताना ही सूट घेण्याचे आपल्याला कारण नाही.

नव्या कर्जाचा अर्ज खाते बंद झाल्यावर लगेच करू नये. अलीकडचे नव्वदीपारचे चौकोन अहवालात काही काळ दिसत राहतील. दीड-दोन वर्षे बाकी सर्व देणी वेळेवर गेली, तर आपल्या पगारावर 12 लाखांच्या अर्जाचा विचार होण्यास बरीच अनुकूल स्थिती निर्माण होते. मधल्या काळात सुदामानगरातच अकरा महिन्यांच्या करारावर तळमजल्याचे घर भाड्याने घ्यावे. सासूबाईंना ‘नवे घर’ म्हणून जो परिसर दाखवायचा होता, तो त्यांना तसाही मिळेल, आणि जिना चढण्याचा त्रासही नाही.

आता मुदतीविषयी. नोटिशीतील 60 दिवस तिच्या तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे आपल्याजवळ सुमारे 38 दिवस आहेत. या मुदतीत आपण लेखी निवेदन दिले, तर संस्थेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. निवेदनात थकबाकीचा तपशील, ती एकरकमी भरण्याची तयारी आणि विक्रीस संमती, या तिन्ही गोष्टी मागाव्यात आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. मुदत उलटून ताब्याची कारवाई झालीच, तर 45 दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण त्यासाठी जबलपूरला खेपा घालाव्या लागतात. आणि लिलावाची सूचना एकदा प्रसिद्ध झाली की पूर्ण रक्कम घेऊन गेलात तरी घर सोडवून घेण्याचा हक्क उरत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतरची ही स्थिती सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केली आहे. तेव्हा ठेवी मोडण्याचा अर्ज आणि हे निवेदन याच आठवड्यात द्यावे, आणि निवेदनावर पतीचीही सही घ्यावी, कारण मुख्य कर्जदार ते आहेत आणि विक्रीच्या कागदांवर त्यांची सही लागणारच आहे.