शब्दांची वही भरली, उतारा मात्र सुटेना

"सर, सहा महिन्यांपासून शब्द पाठ करून राहिली. बाराशे झाले. तरी उतारा समोर आला का डोकं बंद पडते. मराठी मिडियमवाल्यानं एमबीएचा नाद सोडून द्यावा का?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची, तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी ऑगस्टमध्ये हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. सोबत वडील होते. घरची सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. त्यांची काळजी निराळी होती: "तिले तिथं इंग्रजीत बोला लागते का? घरात कोणालेच येत नाही."

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी दिलं. भाऊ, राज्याची एमबीए सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, ही अडीच तासांची कॉम्प्युटरवरची परीक्षा आहे. तिच्यात तोंडी काही नाही आणि पुढच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधले प्रवेशही गुणवत्ता यादीनं होतात. तोंडी मुलाखत असते ती आयआयएमसारख्या संस्थांत, तीही कॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर. म्हणजे बोलण्याचं ओझं आज तिच्या डोक्यावर घेऊ नका. आजचा प्रश्न वाचण्याचा आहे.

मग वही पाहिली. दोनशेपानी, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर अगदी सुरेख. एक पान उघडलं: 'ॲब्स्टेमियस – मिताहारी'. हा शब्द वहीबाहेर कुठे भेटला का, असं विचारलं. नाही भेटला. मग कागदावर एक साधं वाक्य लिहिलं: 'फ्यू फार्मर्स बेनिफिटेड'. तिनं लगेच अर्थ सांगितला, "थोड्या शेतकऱ्यांना फायदा झाला." इथेच गाडी रुळावरून उतरते. 'अ फ्यू' म्हणजे थोड्यांना झाला, 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कुणालाच झाला नाही. एका 'अ'मुळे लेखक योजनेच्या बाजूचा का विरोधातला, हे फिरतं. मराठीत आर्टिकल (अ, ॲन, द) नाही, त्यामुळे आपल्या पोरांच्या डोळ्यांना ते 'अ' दिसतच नाही. मिताहारी माणूस एखाद्या पेपरात भेटेलही, पण फ्यू, हार्डली, अनलेस, देअरफोर, ऑल्दो हे पानापानावर भेटतात. तिच्या वहीत यातला एकही नव्हता, कारण "हे तं सोपे शब्द आहेत."

त्यानंतर दोन चाचण्या घेतल्या. पहिली, ५२० शब्दांचा इंग्रजी उतारा, घड्याळ लावून. वाचायलाच साडेसहा मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ८० शब्द. चारपैकी एक उत्तर बरोबर. तोच उतारा घड्याळ न लावता पुन्हा दिला, तर तीन बरोबर. दुसरी चाचणी मराठी अग्रलेखाची, तेवढ्याच लांबीची: लेखकाचा रोख कोणावर आहे, न सांगता काय सुचवलंय, तिसरा परिच्छेद काढला तर काय बिघडेल, असे चार प्रश्न. चारही उत्तरं बरोबर, तीही चार मिनिटांत.

ही दुसरी चाचणी प्रत्येक मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यानं स्वतःवर करून पाहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. उताऱ्याचा गाभा पकडण्याची अक्कल या मुलीकडे होती. कमी होती ती इंग्रजी वाचण्याची सवय. आयुष्यात सलग वाचलेलं इंग्रजी म्हणजे पाठ्यपुस्तकातले धडे, तेही गाईडमधल्या भाषांतरासकट. वाचताना ती बोट फिरवत होती. बोट पाहिलं की कळत होतं की एका लांब वाक्यावर ती तीनदा मागे येते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ती वाक्याच्या टोकापर्यंत जायची, तिथे क्रियापद नाही हे बघून परत फिरायची आणि मनात मराठी वाक्य जुळवायची. वेळ खाल्ला तो या जुळवाजुळवीनं.

यावर उपाय एकच सांगितला. आधी 'कोण' आणि 'काय झालं' शोधायचं. 'द स्कीम, व्हिच द गव्हर्नमेंट हॅड अनाउन्स्ड फॉर स्मॉल फार्मर्स, फेल्ड' या वाक्यात 'स्कीम फेल्ड' हा कणा, दोन स्वल्पविरामांच्या मधलं नंतर. पहिले पंधरा दिवस रोज दहा लांब वाक्यं घेऊन फक्त कणा शोधायचा, भाषांतर करायचंच नाही.

मग परीक्षा कोणती, हे ठरवलं. सीईटी आणि कॅट ही दोन वेगळी मैदानं आहेत. २०२५ च्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, त्यातले ५० इंग्रजीचे. प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद, पण चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कॅटमध्ये तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं आणि एका विभागातून दुसऱ्यात मनानं जाता येत नाही. अलीकडच्या पेपरांत इंग्रजीचे २४ प्रश्न आहेत: चार उताऱ्यांवर सोळा, बाकीचे आठ वाक्यांचा क्रम, सारांश अशा प्रकारचे. बरोबरला तीन गुण, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर एक वजा. आता हिशेब करा. चार उतारे साधारण पाचशे शब्दांचे धरले तर दोन हजार शब्द. मिनिटाला ८० च्या वेगानं नुसतं वाचायलाच २५ मिनिटं गेली, २४ प्रश्नांना उरली पंधरा. हेच १५० च्या वेगानं तीनच उतारे घेतले तर वाचायला दहा मिनिटं, त्यांच्या बारा प्रश्नांना प्रत्येकी दीड मिनिट, तरी बाकीच्यांना बारा मिनिटं शिल्लक. एक उतारा मुद्दाम सोडणं हा पराभव नाही.

"सरावासाठी म्हणून यंदा कॅट देऊन टाक" असा सल्ला तिला कॉलेजात मिळाला होता. आम्हाला तो पटत नाही. २०२५ ला कॅटचं शुल्क २६०० रुपये होतं, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १३००. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे ऐन वेचणीत. मागचे पेपर आणि कॅटच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षा फुकट आहे. सराव तिथे करावा. तिनं यंदा सीईटी आणि जमलं तर पुढच्या वर्षी कॅट असं ठरवलं.

दिनक्रम असा बसवला. पहाटे पाऊण तास: सहाशे ते आठशे शब्दांचा एक लेख. थांबायचं नाही, शब्दकोश उघडायचा नाही. प्रत्येक परिच्छेद संपला की समासात पाच-सहा मराठी शब्दांत त्याचं काम लिहायचं: 'जुनं मत', 'त्यावर शंका', 'उदाहरण', 'लेखकाचा कौल'. मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. ओळीओळीचं भाषांतर तेवढं नको. वाचून झाल्यावर जास्तीत जास्त आठ शब्द शोधायचे, तेही ज्यांच्यावाचून परिच्छेद अडला तेच, आणि अख्ख्या वाक्यासकट उतरवायचे. विषय रोज बदलायचा. राजकारणावरचे अग्रलेख मुलं आवडीनं वाचतात आणि परीक्षेत कलेवरचा किंवा मेंदूवरचा उतारा आला की घाबरतात. रात्री दोन उतारे, प्रत्येकी दहा मिनिटांत, प्रश्नांसकट. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं फक्त चुकांना. रविवारी वेगाची मोजणी.

चौथ्या आठवड्यात वेग ८० वरून १०५ वर आला, पण बरोबर उत्तरं वाढली नाहीत. मग चुकांची वही बारकाईनं पाहिली. बीटी कापसावरचा एक उतारा होता. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, एवढंच लेखक सांगत होता. प्रश्न होता, लेखकाच्या मते काय. तिनं पर्याय निवडला: 'बीटी कापूस शेतकऱ्यासाठी तोट्याचा ठरला'. का निवडला, तर "गुलाबी बोंडअळीनं आमचं वावर खाल्लं होतं, सर." तिचं म्हणणं खरं होतं. उताऱ्यात ते नव्हतं. ओळखीच्या विषयावर असं हमखास होतं, म्हणून शेतीचा उतारा शेतकऱ्याच्या मुलीला सोपा जाईल असं समजू नये. त्या दिवसापासून नियम केला: उत्तरासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. क्रमांक सापडला नाही तर ते उत्तर आपल्या मनातलं आहे.

चुकांना तिनं स्वतःच नावं दिली. 'मनातलं', 'लई मोठं' (उतारा एका गावाबद्दल, पर्याय साऱ्या देशाबद्दल), 'लई लहान' (एका परिच्छेदाचा मुद्दा साऱ्या उताऱ्याचा म्हणून खपवलेला), 'उलटं' आणि 'पक्कंच' (ओन्ली, ऑलवेज, नेव्हर असे शब्द घुसवलेलं). महिन्याभराच्या नोंदीत निम्म्याहून जास्त चुका 'मनातलं' आणि 'लई मोठं' या दोनच खान्यांत निघाल्या. पाठांतर कितीही वाढवलं असतं तरी या चुका गेल्या नसत्या.

व्याकरण पूर्ण सोडलं नाही, कारण सीईटीत वाक्यातली चूक शोधण्याचे प्रश्न येतात. पण नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून न घेता मराठीतून इंग्रजीत वाहत येणाऱ्या चुका आधी घेतल्या. स्वतःची ओळख लिहायला सांगितली, तर पहिलंच वाक्य 'आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स सिक्स मन्थ्स'. मराठीतलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: जूनपासून आणि सहा महिन्यांपासून. इंग्रजीत जूनला 'सिन्स', सहा महिन्यांना 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव बीन प्रिपेअरिंग'. 'बद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'पेक्षा पसंत' म्हणून 'प्रिफर दॅन', 'वन ऑफ द'च्या पुढे एकवचन. अशा साधारण तीस चुका तिनं एका पानावर मांडल्या आणि रोज त्यातल्या पाचांची स्वतःची वाक्यं केली.

ऑक्टोबरअखेर वेचणी लागली. मजूर मिळेनात, तीही वावरात जाऊ लागली आणि अकरा दिवस काहीच झालं नाही. फोन आला तो रडवेल्या आवाजात: "आता रोज चार तास बसून भरून काढते." असं भरून काढायला गेलं की तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. त्याऐवजी वेचणीपुरता दिनक्रम वीस मिनिटांवर आणला: पहाटे एक उतारा, चार प्रश्न, बस्स. मोजल्यावर वेग फक्त सात शब्दांनी उतरलेला निघाला. डिसेंबरच्या मध्यात पूर्ण दिनक्रम परत सुरू झाला.

एक अडचण उशिरा लक्षात आली. सगळा सराव मोबाइलवर आणि कागदावर चालला होता. कागदावर ती पेन्सिलनं रेघा मारायची. परीक्षेच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्यांदा पूर्ण पेपर सोडवला तेव्हा गुण एकदम घसरले. तेव्हापासून दर रविवारी तिथेच अडीच तास, मधे न उठता. समासातली मराठी टिपणं आता कच्च्या कागदावर आली. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर भरण्यासाठी राखली, कारण गुण कापले जात नसताना रिकामी जागा सोडणं म्हणजे हातचं टाकणं. कॅटलाही हे अर्धं लागू पडतं: वाक्यांचा क्रम आकड्यांत टाइप करायच्या प्रश्नाला वजा गुण नाहीत, तो कोरा सोडू नये.

इंग्रजीशी संबंध नसलेलं एक काम वडिलांकडे दिलं. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे त्याला महिने जाऊ शकतात. नॉन क्रीमिलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. कॅटच्या ओबीसी जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. चांगले गुण मिळवून कागदापायी जागा गमावणारी पोरं दरवर्षी दिसतात आणि त्याचं फार वाईट वाटतं. वडिलांनी पडताळणीचा अर्ज सप्टेंबरमध्येच टाकला.

जानेवारीअखेरची नोंद अशी आहे. वेग मिनिटाला १५५. कॉम्प्युटरवरच्या शेवटच्या तीन सराव पेपरांत इंग्रजीच्या ५० पैकी २९, ३३ आणि ३२ बरोबर. उताऱ्यांवरचे प्रश्न आता तिला सोपे जातात, शब्दार्थाचे अजून चुकतात, त्यामुळे जुनी वही पुन्हा उघडली आहे. वाचनात स्वतः भेटलेल्या शब्दांवर ती खूण करत जाते. बाराशेपैकी १४० वर खूण झाली आहे. 'ॲब्स्टेमियस' अजून कोराच.