‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ म्हणजे काय? वाचकांचे प्रश्न, पॅथॉलॉजिस्टची उत्तरे

वडिलांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला: ‘फॉलिक्युलर लिम्फोमा, बीसीएल-२ पॉझिटिव्ह’. आजार बळावलाय का? (दादर)

लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींतल्या पेशींचा कर्करोग. पण ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ या शब्दांवरून तो बळावलाय असं ठरत नाही. बिघडलेली किंवा नको असलेली पेशी स्वतःहून मरते, त्याला अ‍ॅपॉप्टॉसिस म्हणतात. बीसीएल-२ हे प्रथिन तो मृत्यू रोखतं. निरोगी माणसाच्या टी-पेशींतही (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ते असतं. मात्र लसीकाग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरच्या (जिथे प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशी तयार होतात आणि निवडल्या जातात) बी-पेशींत ते सहसा दिसत नाही, कारण तिथे निकामी ठरलेल्या पेशी लगेच मरायला हव्यात. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत १४ आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. बीसीएल-२चं जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन पडतं आणि प्रथिन बनतच राहतं. पेशी मरत नाहीत, साठत जातात. म्हणून ही गाठ बहुधा सावकाश वाढते. साध्या सुजेची गाठ आणि लिम्फोमा वेगळे ओळखायला आम्हाला या तपासणीचा मोठा आधार असतो. उपचार ठरतात ते आजाराची स्टेज आणि लक्षणं पाहून. काही रुग्णांना तर सुरुवातीला नुसतं देखरेखीखाली ठेवतात.

आईला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा आहे. ‘डबल एक्सप्रेसर’ आणि ‘डबल हिट’ एकच ना? (मुलुंड)

नाही, आणि ही गल्लत महागात पडू शकते. डबल एक्सप्रेसर म्हणजे गाठीच्या तुकड्यावर प्रथिनं दाखवणारा रंग दिल्यावर मिक (MYC) हे प्रथिन किमान ४० टक्के आणि बीसीएल-२ किमान ५० टक्के पेशींत रंगलेलं दिसणं. डबल हिटमध्ये ही दोन्ही जनुकंच जागेवरून हललेली असतात. तो आजार जास्त आक्रमक, आणि तो रंगावरून कळत नाही. त्यासाठी जनुकं जागेवर आहेत का ते दाखवणारी फिश (FISH) तपासणी लागते. ती झाली का, एवढं डॉक्टरांना विचाराच.

परळला दुसरं मत घ्यायचंय. रिपोर्टची झेरॉक्स चालेल? (गिरगाव)

नुसती झेरॉक्स नको. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) दोन्ही मागून घ्या; नव्या तपासण्या ब्लॉकवरच होतात. जमा करताना पोच घ्या. मे महिन्यात ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

हळदीने बीसीएल-२ कमी होतं म्हणे? (बोरिवली)

प्रयोगशाळेतल्या पेशींवर तसे परिणाम दिसलेत. पण खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. भाजीत घाला, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बीसीएल-२लाच अडवणारं खरं औषध म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. ते मुख्यतः काही ल्युकेमियांत (रक्ताच्या कर्करोगांत) वापरतात. ते चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि करमळ (स्टारफ्रूट) बंद, कारण त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.