दुबईत नोकरी करतो, गुहागरला प्लॉट घ्यायचा आहे. रुपया अजून पडेपर्यंत थांबू की आत्ताच घेऊ?

मी सतरा वर्षं शारजात काढून रत्नागिरीला परतलोय, म्हणून अनुभवातून सांगतो. रुपया कुठे जाईल हे बाजूला ठेवा. आधी हे ठरवा, की हा पैसा शेवटी खर्च कुठे करणार?

मी 2011 मध्ये रत्नागिरीत 24 लाखांचा फ्लॅट घेतला. दिरहम तेव्हा 12 च्या आसपास होता, म्हणजे साधारण 2 लाख दिरहम गेले. 2022 च्या अखेरीस तो 45 लाखांना विकला. गावात सगळे म्हणाले, पोराने पैसा केला! पण दिरहम तोवर साडेबावीसला पोचला होता. 45 लाखांचे दिरहम किती? तेच 2 लाख. अकरा वर्षांत भाडं तेवढं सुटलं, तेही मेंटेनन्स वजा जाता बेताचंच.

कर मात्र रुपयांतल्या नफ्यावरच लागतो, दिरहमात काही उरलं की नाही ते कोणी विचारत नाही. मला इंडेक्सेशन मिळालं, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरली, म्हणून कर किरकोळ बसला. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला एनआरआयना ते मिळत नाही. आज तोच व्यवहार केला तर 21 लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे 2 लाख 62 हजार, वर सेस. शिवाय कमी टीडीएसचा, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापायचा कर कमी करून घेण्याचा, दाखला मी आधी काढला नव्हता. खरेदीदाराने पूर्ण किमतीवर टीडीएस कापला आणि 9 लाखांवर रक्कम रिफंड येईपर्यंत अडकली. तो दाखला विक्रीआधीच काढा.

आता उलटी बाजू. त्याच इमारतीत माझ्या मेव्हण्याने रुपयांत कर्ज काढून फ्लॅट घेतला. 30 हजारांचा हप्ता, सुरुवातीला 2,500 दिरहम जायचे, शेवटी 1,333. पगार दिरहमात आणि कर्ज रुपयांत, त्यामुळे रुपया पडला तो त्याच्या पथ्यावर. शिवाय त्याला म्हातारपणी इथेच राहायचंय, मासळीही रुपयांतच घ्यायची आहे, मग दिरहमाशी त्याला काय देणंघेणं!

दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे, त्यामुळे तुमचा खरा खेळ डॉलर-रुपयाचाच. 2013 च्या ऑगस्टमध्ये डॉलर 68 च्या पुढे गेला तेव्हा आमच्या खोलीतले दोघे 70 ची वाट बघत पैसे धरून बसले. दोनेक महिन्यांत तो 62 च्या आसपास आला. मी तुमच्या जागी असतो तर एकदम न पाठवता दर महिन्याला थोडं थोडं पाठवलं असतं.

आणि पाठवाल ते बँकेतूनच, एनआरई खात्यावर, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्यावर. हवाल्याने दोन पैसे जास्त सुटतात, पण उद्या प्लॉट विकून पैसा परत न्यायचा झाला तर तो परदेशातून आला होता याचा पुरावा कुठून आणणार? एनआरओ, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नाच्या, खात्यातून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण तिथेही बँक पैशाचा उगम आणि कर भरल्याची कागदपत्रं मागतेच.

सातबारा बघितलात का? एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि गुहागरकडे "कलमांसकट प्लॉट" म्हणून दाखवतात त्यातले बरेच बिनशेती झालेले नसतात. एजंट सांगेल, भावाच्या नावावर घ्या. तसं केलंत तर जमीन भावाची, दिरहम तुमचे.